कप्तानाच्या पेटीतलं काय गेलं?

१

जहाजाच्या जिन्याशी पोलीस उभे आहेत, हे आत्याने लांबूनच पाहिलं आणि ती मनात म्हणाली, आली कोणाची तरी कंबख्ती! ती आपलीच असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. दिवसभर भटकून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. पुढे चालले होते दादा, तिचे थोरले भाऊ. तिच्या बाजूला ठकी, दादांची एकुलती एक लेक. आणि सगळ्यांच्या पिशव्या वाहत सर्वांत मागे ठकीचा नवरा, म्हणजे आपले जावईबापू.

"हेच ते! हेच चौघे!"

ओरडणारे गृहस्थ ओळखीचे निघाले. बंदरावरच्या छोट्या संग्रहालयाचे व्यवस्थापक. दुपारी ह्यांनीच त्यांना सगळं संग्रहालय हौसेने फिरून दाखवलं होतं. तेव्हा तोंडावर हसू मावत नव्हतं, आता सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

"कोणी नेलं ते सांगा! तुमच्यातल्या कोणी नेलं?"

"अहो, पण काय नेलं?" आत्या म्हणाली.

"कोणी हात मारला तेवढं आधी सांगा!"

त्यांच्या शेजारच्या पोलीस अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. माणूस शांत दिसत होता. "बाई, संग्रहालयातली कप्तानाची पेटी उघडी सापडली आहे. आत काही नाही. तिच्यात चांदीचं होकायंत्र होतं असं आजोबांकडून ऐकल्याचं हे म्हणतात. तुमच्यानंतर तिथं कोणी आलेलं नाही. यांनी तक्रार दिली तर तुम्हाला जहाजावर चढता येणार नाही."

आत्याला धास्ती बसली, पण ती जहाजासाठी नव्हे. जहाज चुकलं तर चुकलं, त्यावरचं जेवण तसंही तिला मानवत नव्हतं. हे घर कुलूपवाल्यांचं होतं. आजोबांनी दुकान काढलं, वडिलांनी वाढवलं, दादांनी गाजवलं आणि आता ठकी चालवत होती. कोणाची तिजोरी अडली, किल्ली हरवली की ह्याच घरी बोलावणं यायचं. घराचा शिरस्ता ठरलेला: कुलूप उघडायचं, झाकणाला हात लावायचा नाही. ते मालकाने उचलायचं, आणि कुलूपवाल्याने पाठ फिरवून उभं राहायचं. एकटी आत्या तेवढी मालकाकडे तोंड करून उभी राही, कारण गल्ल्यावर ती आणि पैसे घ्यायचे तिने. झाकण उचलताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे तिने उभ्या आयुष्यात इतक्यांदा पाहिलं होतं की त्यावर तिने व्याख्यान दिलं असतं.

अशा घरावर चोरीची तक्रार! ती पुढे खोटी ठरली तरी काय उपयोग? शिंप्यावर आळ आला तर लोक विसरतात. कुलूपवाल्यावर आळ आला की त्याच्या दुकानाला कायमचं कुलूप.

"साहेब," मागून ठकीचा आवाज आला. तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि मान ताठ केली. "पेटी मी उघडली."

२

आता हा दिवस मुळात असा व्हायचाच नव्हता. जहाज ह्या बंदरात नुसतं शिधा भरून पुढे जाणार होतं. पण सकाळी चहाच्या वेळी घोषणा झाली की इंजिनाचा कसलासा भाग यायचा आहे, संध्याकाळपर्यंत मुक्काम, ज्यांना शहर पाहायचंय त्यांनी खुशाल पाहावं.

"पण आपला आराखडा कुठे आहे?" जावईबापू घाबरून म्हणाले होते. ह्या माणसाला आराखड्याशिवाय आंघोळही जमत नाही.

"पाय नेतील तिकडे," आत्या म्हणाली, आणि सगळे उतरले.

आणि काय मजा आली म्हणता! समोर आलेल्या ट्राममध्ये बसले ते शेवटच्या थांब्यावर उतरले. दीपगृहाच्या पायऱ्या चढताना आत्याने सात पिढ्यांचा उद्धार केला आणि वर गेल्यावर खाली उतरायलाच तयार होईना. दोरखंड आणि कंदील विकणाऱ्या दुकानांच्या गल्लीत दादा दर दारापाशी थबकत होते. बाकीचे प्रवासी खिडक्या, मनोरे बघतात, हे कडीकोयंडे बघत होते.

ही सहलच मुळी दादांसाठी होती. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरायला लागले होते. पाण्याचा पेला धरला तर निम्मं पाणी लेंग्यावर. बोटांची टोकं बधिर झाली होती. ज्या बोटांना कुलपाच्या पोटातलं सगळं दिसायचं, त्यांना आता सदऱ्याचं बटण सापडेना. त्यांनी आपणहून दुकान ठकीच्या हाती दिलं, आणि त्या दिवसापासून घरातला माणूस घरात असून नसल्यासारखा झाला.

दुपारी ते दमले. बसायला जागा म्हणून चौघे समोरच्या संग्रहालयात शिरले. दोन खोल्या, वल्ही, नकाशे, शिडाच्या जहाजांची चित्रं. आतल्या खोलीत मधोमध ती पेटी. काळं लाकूड, पितळी पट्ट्या, आणि झाकणावर एका जहाजाची लाकडी प्रतिकृती, चांगली दोन हातांनी उचलावी लागेल एवढी.

"आमच्या कप्तानाची पेटी," व्यवस्थापकांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांची छाती फुगली. हा कप्तान म्हणजे शहराचा लाडका. पेटीला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून समुद्रावर गेला तो आलाच नाही. तेव्हापासून पेटी बंद. मोठमोठे कारागीर आले आणि हात चोळत गेले. आत काय असेल ह्यावर शाळेतली मुलं निबंध लिहितात, म्हाताऱ्या पैजा लावतात. "तुम्हीही बघा प्रयत्न करून! येईल त्याला मी हेच सांगतो. उघडली तर तुमचं नाव दारावर लिहीन!"

दादांनी ठकीकडे पाहिलं. मग स्टुलावर बसून खिशातल्या जुडग्यातून दोन बारीक तारा काढल्या. त्या थरथरणाऱ्या हातांकडे बघून व्यवस्थापक कौतुकाने हसले आणि बाहेरच्या खोलीत गेले. त्यांचं हसू आत्याला झोंबलं. दादा बराच वेळ कुलपाशी झगडत राहिले. शेवटी तारा खिशात घालून उठले.

"म्हातारा झालो, चिमे," ते म्हणाले. साठी उलटलेल्या बहिणीला ते अजून चिमी म्हणत. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

हे सगळं आत्याच्या डोळ्यांपुढून गेलं. ती अधिकाऱ्यांना म्हणाली, "साहेब, पोरगी काहीही बोलेल. कागदावर काही लिहायच्या आधी मला ती पेटी बघू द्या. जहाजाचा भोंगा वाजेपर्यंत वेळ द्या."

अधिकाऱ्यांनी एकदा जहाजाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. "भोंगा वाजला की मी लिहायला घेणार," ते म्हणाले.

३

संग्रहालयाच्या बाहेरच्या खोलीत एक बाक होता. आत्याने ठकीला तिथं बसवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कधी उघडलीस?"

"बाबा उठले त्यानंतर. तुम्ही नकाशे बघत होता तेव्हा."

"कशाने?"

"केसातल्या पिनेने."

"बाबांनी हात लावलेलं कुलूप त्यांनी दिल्याशिवाय तू घेत नाहीस. दुकान तुझ्या नावावर झालं तरी अजून विचारतेस."

ठकीने नजर चुकवली. "आज घेतलं. राग आला होता मला. तो माणूस बाबांच्या हाताला हसला."

राग खरा होता, तो आत्यालाही आला होता. खोट्याला असा खऱ्याचा टेकू दिला की ते बरं उभं राहतं.

"बरं. उघडलं तेव्हा आवाज कसा आला?"

"टक् असा. स्वच्छ. नेहमी येतो तसा."

आत्याने मान हलवली. तेवढ्यात जावईबापू पुढे सरसावले. "आत्या, माझं ऐका. मी उघडली असं लिहू दे त्यांना. माझं दुकान नाही, माझी नोकरी आहे. आळ माझ्यावर येऊ द्या."

"जावईबापू, सकाळी तुम्हाला मधाची बाटली उघडेना. ती शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उघडून दिली. तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

जावईबापू ओशाळले. पण आत्याला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की तिने त्यांच्या पाठीवर थाप मारली. माणूस बाटल्या उघडण्यासाठी नसतो, अशा वेळी उभा राहण्यासाठी असतो.

"त्यापेक्षा एक करा. निघताना आपला फोटो काढलात ना? तो दाखवा."

"मी नाही, व्यवस्थापकांनीच काढला, माझ्या मोबाइलवर. चौघं यावेत म्हणून." त्यांनी तो दाखवला. चौघे पेटीच्या मागे उभे. दादा आंबट चेहऱ्याने, ठकी त्यांच्या कोपराला धरून. पुढे पेटी, झाकणावर ती जहाजाची प्रतिकृती, तिचं टोक दाराकडे.

आत्या मोबाइल हातात घेऊनच आतल्या खोलीत शिरली. पेटीचं झाकण मिटलेलं होतं, प्रतिकृती झाकणावर जागच्या जागी होती. फक्त तिचं टोक आता खिडकीकडे वळलेलं होतं.

४

 अधिकारी दाराशी उभे होते, व्यवस्थापक भिंतीला टेकून. आत्याने आधी कुलूप बघितलं. किल्लीच्या भोकाभोवती जुनी पितळी पट्टी होती, हिरवट काळी. तिच्यावर बारीक बारीक ताजे ओरखडे उठले होते, पाखराने चोच मारावी तसे, भोकाच्या चारी अंगांना. ठकीच्या हातून भोकाबाहेर रेघ उमटली नसती. ती पोरगी चालत्या ट्राममध्ये सुई ओवते.

मग आत्याने स्वतःच्या अंबाड्यातली पिन काढली आणि कुलपाची खिट्टी एकदा पुढे, एकदा मागे सरकवून पाहिली. खिट्टी जुन्या घट्ट वंगणात लोण्यातून सुरी जावी तशी गेली. आवाज नाही, झटका नाही. ह्या कुलपाला स्प्रिंगच नव्हती. मग टक् कसं वाजेल?

"दादा, इकडे ये."

दादा स्टुलावर येऊन बसले. दिवसभराची मरगळ त्यांच्या खांद्यांवर दिसत होती.

"दुपारी काय काय झालं ते सांग."

"काय सांगायचं? नाही जमलं." ते पेटीकडे बघत नव्हते. "आतले लिव्हर, खिट्टी अडवणाऱ्या त्या पट्ट्या, एकमेकांना चिकटून बसलेत. वंगण वाळून गोंद झालाय. पूर्वीचा मी असतो तर बोटांनीच कळलं असतं कुठला अडलाय. आज काही कळेना. तारा नुसत्या थरथरत होत्या. एकदा वाटलं, दुसरी तार घसरली. मग म्हटलं, पुरे झालं हसं. उठलो."

"घसरली? कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

आत्याने डोळे मिटले. तिला रडू येत होतं, पण अजून काम संपलं नव्हतं.

"साहेब, माझी भाची खोटं बोलतेय. तिने पेटीला हातही लावलेला नाही. हिला वाटलं बापानेच उघडली असणार, म्हणून बापाला वाचवायला आळ अंगावर घेतला." मग ती भावाकडे वळली. "दादा, पेटी तू उघडलीस."

५

"वेडी आहेस का?" दादा म्हणाले. "मी उघडली आणि मला कळलं नाही?"

"नाहीच कळलं. कसं कळणार? खिट्टीला आवाज नाही, आणि तुझ्या बोटांना स्पर्श नाही. आजवर जे जे आले त्यांचे हात खडकासारखे स्थिर. त्यांनी दाबलं, ओढलं, ठोकलं. चिकटलेले लिव्हर आणखी चिकटले. तुझ्या तारा थरथरत राहिल्या, आणि त्या थरथरीने लिव्हर एकेक करून सुटे झाले. तार घसरली म्हणतोस ना, ती घसरली नाही. खिट्टी डावीकडे मागे गेली, तिच्याबरोबर तार गेली. बघ हे ओरखडे कोणाच्या हाताचे आहेत."

दादांनी चष्मा वर सरकवून पट्टीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्यांनी आपलं बोट त्या ओरखड्यांवरून फिरवलं आणि ते ठकीकडे बघून लहान मुलासारखे हसले. "ठके, लिव्हर सुटले की गं!"

ठकीचे डोळे भरून आले. "सुटले ना, बाबा!"

"हे सगळं छान आहे," अधिकारी म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असावं, "पण मग उघडणारा सापडला. नेणाराही तोच असं हे म्हणणार."

"म्हणणारच!" व्यवस्थापक भिंतीपासून पुढे आले. "ह्यांनीच उघडली, ह्यांनीच नेलं! ह्यांच्यानंतर मी दार लावलं, कोणी आत आलेलं नाही!"

"तेच मला हवं होतं," आत्या म्हणाली. "साहेब, हा फोटो बघा. आम्ही निघतानाचा, ह्यांनीच काढलेला. जहाजाचं टोक दाराकडे. आता कुठे आहे?"

अधिकाऱ्यांनी मोबाइलकडे पाहिलं, मग पेटीकडे. "खिडकीकडे."

"ती प्रतिकृती उतरवल्याशिवाय झाकण उचलता येत नाही. म्हणजे झाकण उचललं गेलं ते आम्ही गेल्यावर. आणि आम्ही गेल्यावर कोणी आलेलं नाही, असं हेच म्हणतात."

 जावईबापूंना राहवलं नाही. "चोराच्या उलट्या बोंबा!"

"तुम्ही गप्प बसा," आत्या म्हणाली. तिचं लक्ष व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावर होतं. पकडला गेलेला चोर ती ओळखत होती, तो चेहरा हा नव्हता. हा दुसराच होता, तिच्या चांगल्या ओळखीचा. "साहेब, मला झाकण उघडून बघू द्या, आणि मग ह्यांच्याशी एकटीने दोन शब्द बोलू द्या."

जावईबापूंनी प्रतिकृती उतरवली. व्यवस्थापकांनी झाकण उचललं. दादा आणि ठकी सवयीने पाठ फिरवून उभे राहिले. आत्याने आत डोकावलं.

आत निळं मखमली अस्तर होतं, आज लावल्यासारखं टवटवीत. कुठे दाबलेली खूण नाही, डाग नाही. चार कोपऱ्यांत चार बारीक चुका ठोकलेल्या होत्या, आणि प्रत्येक चुकेच्या डोक्याखाली पिवळ्या कागदाचा एकेक कपटा अडकलेला होता.

त्याच वेळी धक्क्यावरून जहाजाचा भोंगा वाजला.

६

अधिकाऱ्यांनी बाकीच्यांना बाहेर नेलं. "लवकर आटपा, बाई," जाताना ते म्हणाले.

"बसा," आत्या व्यवस्थापकांना म्हणाली. ते स्टुलावर बसले.

"आमच्या दुकानात तिजोऱ्याही मिळतात. नव्या तिजोरीच्या अस्तरावर कारागीर कागद लावून देतो, मळू नये म्हणून. गिऱ्हाईक पहिली वस्तू ठेवतं त्या दिवशी तो कागद काढतं. तुमच्या पेटीतला कागद आजच निघाला. घाईत ओढला म्हणून चुकांखाली कपटे राहिले. म्हणजे पेटीत कधी काही ठेवलंच नव्हतं."

व्यवस्थापक मान खाली घालून ऐकत होते.

"आणि खरं सांगू? मला धक्क्यावरच शंका आली होती. ज्याचं गेलं तो आधी काय गेलं ते सांगतो. ज्याचं काही नव्हतंच तो ओरडतो, कोणी नेलं. रिकामी तिजोरी उघडलेली माणसं मी खूप पाहिली. दहा लोकांसमोर 'काही नव्हतं' म्हणण्यापेक्षा 'चोरी झाली' म्हणणं सोपं जातं."

व्यवस्थापक झाकणाकडे बघून बोलू लागले. "संध्याकाळी प्रतिकृती पुसायला गेलो. उतरवली तर झाकण हललं.  माझे आजोबा ह्या पेटीची राखण करायचे, मग वडील, मग मी. सगळं शहर आमच्याकडे बघतं. उचललं झाकण, आणि आत नुसता कागद. सकाळी मी शाळेच्या मुलांना काय तोंड दाखवू? बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ माझ्या हातून उघडली."

"आणि ती झाकायला तुम्ही माझ्या भावाचं नाव वापरलंत."

त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही आता साहेबांना सांगणार."

"नाही," आत्या म्हणाली. रागाने तिचं अंग तापलं होतं, जीभ शिवशिवत होती. पण ती आपल्या बापाची लेक होती. "पेटी तुमची. आत काय होतं, काय नव्हतं, हे मालकाने सांगायचं. आमच्या घरातलं कोणी सांगत नाही. मी बाहेर जाते. तुम्हाला जे सांगायचं ते तुम्ही सांगा."

आणि ती खरोखरच उठून बाहेर गेली. दादांच्या शेजारी उभी राहिली. ठकीने भुवया उंचावून विचारलं, तिने मान हलवली. आता सगळं त्या माणसाच्या हातात होतं.

व्यवस्थापक बाहेर आले. हातात घडी घातलेला पिवळा कागद होता.

"तक्रार मागे घेताय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नुसती मागे घेतली तर ह्यांच्यावर डाग राहील. तक्रार खोटी होती, असं लिहा. पेटीत काहीच नव्हतं. होकायंत्र मी रचून सांगितलं." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "आमच्या कप्तानाने रिकाम्या पेटीला कुलूप लावलं होतं. सगळं शहर शंभर वर्षं एका रिकाम्या पेटीपुढे उभं होतं."

"मग त्यात मान खाली घालण्यासारखं काय आहे?" ठकी म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "अहो, आमच्याकडून नवी तिजोरी नेणारा प्रत्येक जण ती रिकामीच कुलूप लावून नेतो. दुकानातच कुलूप लावतो, दोनदा ओढून बघतो आणि किल्ली खिशात टाकतो. मी रोज बघते. तेव्हा त्याची ऐट बघावी! आत काही नसतं, भरायचं असतं. तुमच्या कप्तानाने जाण्याआधी नवी पेटी घेतली. ज्याला परत यायचं नसतं तो नवी पेटी कशाला घेईल?"



"म्हणजे तो येणार होता," व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाले. "आपल्याकडे. भरलेल्या हातांनी." मग त्यांनी पाठ सरळ केली. दुपारी पेटी दाखवताना त्यांची छाती फुगली होती, तशीच आत्ता पुन्हा फुगली, फक्त ह्या वेळी त्यात बढाई नव्हती. "उद्यापासून झाकण उघडं ठेवतो. येईल त्याला हेच सांगतो."

दुसऱ्यांदा भोंगा वाजला. अधिकाऱ्यांनी कागद पुढे ओढला. "चोरी नाही. बरं. पण पेटी उघडली कोणी, हे मला लिहावं लागेल."

"ह्यांनी," व्यवस्थापक म्हणाले आणि दादांसमोर येऊन उभे राहिले. "आमच्या शहराला जमलं नाही ते ह्यांनी केलं. मी ह्यांच्या हातांना हसलो. साहेब, हे मोठ्या अक्षरात लिहा." आणि त्यांनी दादांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ते थरथरत होते, आणि कोणालाही त्याचं काही वाटलं नाही.

आता आत्याचं काम संपलं होतं. ती सरळ रडली. जावईबापूंनी रुमाल दिला, तोही सगळ्या पिशव्यांच्या तळातून शोधून.

"व्यवसाय?" अधिकाऱ्यांनी दादांना विचारलं. "निवृत्त लिहू?"

दादा काही बोलायच्या आत ठकी पुढे झाली. "कोण निवृत्त? साहेब, आमच्या दुकानात एक जुनी तिजोरी येऊन पडलीय. महिना झाला, मला दाद देत नाही. लाजेने घरी बोलले नाही. आता घरी गेलो की हे बसणार आहेत तिच्यासमोर, आणि मी शेजारी बसून बघणार आहे."

दादा लेकीकडे बघत राहिले. मग अधिकाऱ्यांच्या लेखणीकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात म्हणाले, "लिहा, कुलूपवाला."